हाकेचं उत्तर

आमच्या पथकात वर बघायला बंदी आहे. पायातल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या थरातल्या बाईने मान वर केली की तिचा खांदा हलतो, खांदा हलला की त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या थराचा पाय सरकतो, आणि मग बाकीचं सगळं खाली यायला वेळ लागत नाही. त्यामुळे मी इतकी वर्षं गोविंदा पथकात असूनही हंडी कधी पाहिलेलीच नव्हती. मला दिसायची ती समोरच्या बाईची घामेजलेली मान आणि माझेच दोन पाय. माझ्या मुलीने पहिल्यांदा सगळ्यात वर उभं राहून सलामी दिली तेव्हाही मी तिला पाहिलं नाही. नंतर शेजारणीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात मी म्हणजे एका कोपऱ्यातली वाकलेली पाठ होते.

हे बायकांचं पथक डोंबिवलीतल्या आमच्या वसाहतीतलं. आम्ही बहुतेक जणी कोकणातून नाहीतर घाटावरून इकडे आलेल्या घरांतल्या, कुणी नोकरी करणाऱ्या, कुणी घरून डबे देणाऱ्या. पथक उभं केलं ते मात्र इथल्या मूळच्या आगरी घरातल्या एका बाईंनी. त्यांना सगळ्या वहिनी म्हणतात. आमच्या इमारती जिथे आहेत तिथे एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती, आणि ही गोष्ट त्या आम्हाला विसरू देत नाहीत. सरावाला कुणी उशिरा आलं की ऐकवणार, आमच्याच शेतावर राहता आणि आम्हालाच ताटकळत ठेवता.

वहिनींचं आणि माझं फारसं जमायचं नाही. माझा राग नाकावर, त्यांचा आवाज टिपेला. शिवाय त्यांना नसत्या चौकशा करायची भारी हौस. सरावाच्या आधी एकेकीला समोर उभं करून विचारणार, जेवलीस का, झोप झाली का, पाळी आलीय का, नवऱ्याशी वाजलंय का. हे सगळं चारचौघींत. एकदा मी वैतागून म्हटलं की वहिनी, हे पथक आहे, हॉस्पिटल नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आजारी बाय खांद्यावर घेतली तर मंग हॉस्पिटलच हाय गो." त्याचा राग मला पुढे आठवडाभर पुरला.

त्यांची अजून एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या पथकात पाहिली नाही. बाकीचे प्रशिक्षक शिटी मारतात. वहिनी हाक मारायच्या. सगळ्यात वरची मुलगी, म्हणजे आमचा एक्का, शेवटच्या थरावर चढण्याआधी त्या खालपासून वरपर्यंत एकेका जागेला हाक द्यायच्या. पाया? दुसरा थर, डावी? दुसरा थर, मधली? दुसरा थर, उजवी? असं करत वर जायचं, आणि ज्या जागेची हाक असेल तिथल्या बाईने मोठ्याने "आहे" म्हणायचं. आपण तोल धरून आहोत, वरचं वजन घेऊ शकतो, असा त्याचा अर्थ. सगळ्यांचं "आहे" आलं की शेवटी एक्क्याला हाक, आणि मग "चढ". शिटी का नाही वापरत, असं मी विचारलं होतं. शिटीला उत्तर येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पण या हाकेबद्दल वहिनींची एक जुनी तक्रार होती. "एवरी वर्सं मी इचारते," त्या म्हणायच्या, "पन एक बाय कदी 'नाय' बोलली नाय." आम्हाला हे कौतुक वाटायचं. आम्ही टाळ्याबिळ्या वाजवायचो. त्या मात्र हसायच्या नाहीत. ज्या दिवशी तुमच्यातली एक तरी 'नाही' म्हणेल त्या दिवशी पथक तयार झालं असं मी समजेन, असं त्या म्हणायच्या, आणि आम्ही आपापसांत म्हणायचो की वयाने यांचं डोकं फिरलंय. घरी ताप अंगावर काढून पोळ्या लाटणाऱ्या बायका आम्ही. बरी आहेस का, याचं एकच उत्तर आम्हाला लहानपणापासून येतं.

गेल्या वर्षी आम्हाला बाहेर पाच थर लावायचे होते. चार थर आम्ही सगळीकडे लावायचो. पाचवा फक्त सरावात, आपल्याच मैदानात लागला होता. पाच लावायचे तर ते ठाण्याला, टेंभी नाक्यावर, असं माझ्या मुलीने डोक्यात घेतलं होतं. ती आमचा एक्का. गोकुळाष्टमीनंतर लगेच ती नोकरीसाठी बंगळुरूला जाणार होती, म्हणजे तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष. तिने दोन महिने वडापाव सोडला, मैत्रिणीच्या साखरपुड्याला गेली नाही, रोज जिन्याने चढउतार केली. घरात दुसरा विषय नव्हता. मलाही तिच्याइतकंच वाटत होतं की हे व्हावं. त्याच वेळी तिला एवढ्या उंच पाठवायची मला भीती वाटायची, आणि हे मी कुणाला सांगत नव्हते. वरच्या मुलीला कमरेला दोरी असते, क्रेनला बांधलेली. मधल्या बायकांना काहीच नसतं. त्या कोसळल्या की कुणाच्या अंगावर कोण, याचा हिशोब राहत नाही.

दहीहंडीच्या दिवशी सकाळी आधी आमच्या वसाहतीतली हंडी केली, मग कल्याणला दोन ठिकाणी चार थर लावून सलामी दिली. दुसऱ्या ठिकाणी उतरताना जरा गडबड झाली, पण कुणी पडलं नाही. बसमध्ये बहुतेक जणी केळी आणि राजगिऱ्याच्या चिक्क्या खात होत्या, दंगा चालला होता. वहिनींचा आवाज तेवढ्यात बसला. आधी घोगरा झाला आणि मुंब्रा बायपासला पोचेपर्यंत पार गेला. त्यांनी गरम पाणी घेतलं, लवंग चघळली, काही उपयोग झाला नाही. मग त्या उठून माझ्या सीटपाशी आल्या आणि माझं कोपर धरलं.

हाक तू मारायची, असं त्या कानाशी कुजबुजल्या. मी उडालेच. म्हटलं, वहिनी, वर माझी पोर आहे. मी पायातच बरी. त्यांनी मान हलवली. पायात माझ्या जागी राखीव बाई उभी राहील, तेवढी ती सरावलेली आहे, हे त्यांनी खुणेनेच सांगितलं. मग पुन्हा कानाशी येऊन म्हणाल्या, "तुझा आवाज मोठा हाय आनि तुना कुनाची भीर नाय." भीड म्हणायचं होतं त्यांना. मला सगळ्या भांडकुदळ म्हणतात ते माहीत होतं, पण त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मुलीला कळल्यावर तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "आई, घाबरून काही करू नको हां," एवढंच म्हणाली आणि कानात हेडफोन घातले.

टेंभी नाक्याला पोचलो तर माणसांना उभं राहायला जागा नव्हती. आमच्या आधी पुरुषांची पथकं होती. एक पथक थर लावून उतरलं की दुसरं पुढे सरकायचं. आम्ही बॅरिकेडच्या कडेला भिजलेल्या टी-शर्टमध्ये उभ्या होतो. पाणी वरून मारत होते. निवेदकाने डोंबिवलीचं महिला पथक पाच थर लावणार असं जाहीर केलं तेव्हा गर्दीने केवढा आवाज केला. वहिनी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, पण आता त्या काही बोलू शकत नव्हत्या.

गाणी थांबली. पाया बसला. मी बाहेरून पहिल्यांदाच आमचा पाया बघत होते, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा तो फार लहान दिसत होता. एवढ्याशा गोलावर आपण इतकी वर्षं बायका उभ्या करतोय, असं मनात आलं आणि मी ते झटकलं. दुसरा थर चढला. तिसरा चढला. चौथ्या थरावरची मुलगी एकटीच वर जाऊन बसली. मग माझी मुलगी पाठींवर पाय देत तिसऱ्या थरापर्यंत गेली आणि थांबली. दोरी तिच्या कमरेपासून वर गेलेली दिसत होती. तिचा एक पाय हवेत होता. मी मान वर करून बघत होते आणि मला वाटत होतं की मी बघतेय म्हणूनच काहीतरी हलेल.

मी हाक सुरू केली. पाया? आहे. दुसरा थर, डावी?

"आहे."

मी पुढची हाक तोंडातच ठेवली. डावीला आमच्या वसाहतीतली पार्लरवाली होती. उजवीला तिची शाळेपासूनची मैत्रीण, जी आता स्वतः शाळेत शिकवते आणि जिला सगळ्या बाई म्हणतात. आणि आलेलं "आहे" बाईंचं होतं. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज मी भाजीवाल्याकडे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे ऐकलेला आहे. मी पुन्हा हाक मारली. दुसरा थर, डावी? पुन्हा तोच आवाज, जरा पातळ करून. पार्लरवालीची मान खाली होती, तोंड दिसत नव्हतं.

निवेदक गर्दीला टाळ्या वाजवायला सांगत होता. माझ्या मुलीने खाली बघितलं नाही, पण तिच्या पाठीवरून मला कळलं की ती माझ्या "चढ" ची वाट बघतेय. ती दोनच अक्षरं होती. मी ओरडले, "उतरा."

सगळ्या उतरल्या. नीट, ओळीने, जशा सरावात उतरायच्या. गर्दीतून अरेरे झालं, कुणीतरी शिटी मारली. पार्लरवाली खाली आली ती सरळ बॅरिकेडला टेकली. तिचा डावा हात तिला खांद्याच्या वर नेता येत नव्हता. कल्याणला उतरताना तो पिरगळला होता. बसमध्ये तिने मैत्रिणीला शपथ घातली होती की कुणाला सांगू नकोस, पाच थर माझ्यामुळे राहायला नकोत. बाई तिच्या शेजारी उभ्या राहून रडत होत्या. "तिला बोलवत नव्हतं गं, दात आवळून उभी होती, म्हणून मी म्हटलं," त्या म्हणाल्या. मुलांनी दुसऱ्याची हजेरी दिली तर वर्गाबाहेर काढणाऱ्या बाई त्या. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तितकीच मायाही वाटली. वहिनींनी पार्लरवालीचा हात स्वतःच्या ओढणीने गळ्यात बांधला.

माझी मुलगी मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हेल्मेट हातात, केस चपचपीत. मी तिला हाताचं सांगायला लागले. तिने मध्येच तोडलं.

"वहिनी असत्या तर चालू दिलं असतं. तू आई म्हणून उतरवलंस."

बाजूच्या दोघीतिघींनी ऐकलं. मी म्हटलं की असं नाही, आवाज बाईंचा होता, विचार त्यांना. ती म्हणाली, "आवाजाचं निमित्त झालं. तू बसमध्येच ठरवलेलंस." आणि ती पाणी प्यायला निघून गेली. तिच्या पाठीमागे ओरडावं असं मला वाटलं. पण आत कुठेतरी मलाच नक्की माहीत नव्हतं. आवाज ओळखला होता हे खरं. पण ओळखल्यावर मला किती हायसं वाटलं होतं, हेही खरं होतं.

मंचावरून सांगण्यात आलं की थर कोसळलेला नाही, त्यामुळे हवं तर पुन्हा एक प्रयत्न करू द्यायला हरकत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी हात वर केला आणि बोट माझ्याकडेच केलं. हो म्हणायचं का नाही ते मीच ठरवायचं होतं. पार्लरवालीच्या जागी राखीवमधली दुसरी मुलगी तयार होती, अंगाने भक्कम, सरावाला एकही दिवस न चुकलेली. मी हो म्हटलं.

दुसऱ्या वेळी गर्दी जास्त गप्प होती, किंवा मला तसं वाटलं. पाया बसला, थर चढले, चौथी वर जाऊन बसली, आणि माझी मुलगी परत त्याच जागी जाऊन थांबली. मी हाक सुरू केली. पाया, आहे. दुसरा, डावी, नवीन मुलगी, खणखणीत आहे. मधली, आहे. उजवी, बाई, आहे. तिसऱ्या थराची डावी, आहे. उजवी, आहे. हे शेवटचं जरा उशिरा आलं. आवाज तिचाच होता. फक्त उशिरा आला आणि शेवटी जरा ओढला गेला.

मी थांबायला हवं होतं. पुन्हा विचारायला हवं होतं. पण माझ्या कानात ते वाक्य घुमत होतं, आई म्हणून उतरवलंस. दुसऱ्यांदा उतरवलं तर ती बंगळुरूला जाईल तेव्हा स्टेशनवर माझ्याशी बोलणार नाही, असं मला दिसायला लागलं. पथकातल्या सगळ्या म्हणतील, हिला हाक मारायला दिली ती चूक झाली. आवाज तर आलाय ना, मी स्वतःला म्हटलं. थोडा उशिरा आला एवढंच. चौथ्या थराचं "आहे" आलं. आता एक्क्याला हाक मारायची आणि चढ म्हणायचं. ही शेवटची हाक म्हणजे नुसती रीत असते. चढायला आसुसलेल्या पोरीला काय विचारायचं?

"एक्का?"

उत्तर आलं नाही. मला वाटलं, गर्दीत ऐकू गेलं नसेल. तिचा पाय तिसऱ्या थराच्या उजवीच्या खांद्यावर होता. तिने तो किंचित उचलला आणि पुन्हा ठेवला, बादलीतलं पाणी किती गरम आहे ते बघतात तसा.

"नाही," ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. अख्ख्या नाक्याने ऐकलं असेल. चौथ्या थरावरच्या मुलीने चमकून मान वळवली. आमच्या पथकात हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे क्षणभर मलाच काय करायचं ते आठवेना. मग मी उतरा म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. ती खाली आली, तिच्यामागून बाकीच्या, एकेक करत, कुणालाही खरचटलं नाही. निवेदकाने महिलांच्या जिद्दीबद्दल दोन शब्द बोलून पुढच्या पथकाला बोलावलं. पाच थर राहिले ते राहिलेच.

वहिनी गर्दीतून वाट काढत माझ्या मुलीपाशी पोचल्या. आवाज नव्हताच. त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आणि मग तिला अशी मिठी मारली की पोरीचं हेल्मेट खाली पडलं. एवढं कौतुक सलामी देऊनही कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. काही जणींचे चेहरे अजून पडलेले होते. एवढी मेहनत घेऊन हात हलवत परत जायचं म्हणजे वाईट वाटणारच, मलाही वाटत होतं.

बसमध्ये आधी सगळ्या टी-शर्ट पिळत, केस पुसत बसल्या. मग तिसऱ्या थराच्या उजवीने मागच्या सीटवरून सांगितलं की तिच्या पोटरीत गोळा आला होता. आधीच आला होता, पण एकदा उतरवल्यावर परत कसं सांगणार. त्यावर आणखी एक म्हणाली की तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही, श्रावणातला कडक उपवास आहे. पायातल्या एकीला चक्कर येत होती. एकीला कालपासून पाळी आली होती आणि वहिनींनी विचारलं तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं होतं. मुंब्रा बायपास येईपर्यंत जी ती आपलं दुखणं सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. वहिनी पुढच्या सीटवर मागे वळून बसल्या होत्या आणि एकेकीचं ऐकून मान डोलावत होत्या. हॉस्पिटल म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

माझी मुलगी माझ्या शेजारी खिडकीला होती. बराच वेळ बाहेर बघत होती. मग तिकडेच बघत विचारलं, "तू चढ म्हणणार होतीस ना?"

मी हो म्हटलं.

"उजवीचा आवाज ओढलेला ऐकूनपण?"

"हो," मी म्हटलं. "तू बोललीस ना, आई म्हणून उतरवलं. ते खोटं करून दाखवायचं होतं मला."

मला वाटलं आता ही चिडेल, आणि चिडली असती तर तिचं बरोबरच होतं. पण ती म्हणाली, "खांदा थरथरत होता, तो कळलाच मला. पण उजवीनंतर न थांबता तू पुढची हाक मारलीस ना, तेव्हाच वाटलं की आता आई थांबवणार नाही. म्हणून मग मीच थांबले."

तिने हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटले. पुढे रस्त्याचं काम चालू होतं, बस खड्ड्यांतून हेलकावे खात होती. डोंबिवली येईपर्यंत मी खांदा हलू दिला नाही.